नेमसिंगने पाहिलेले घर

पांढरकवड्याहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता सोडून सहा किलोमीटर आत गेले की नेमसिंग राठोडचा तांडा लागतो. या तांड्यात कोणाला बाहेरच्या मुलखाची काही खबर हवी असली, की तो नेमसिंगच्या अंगणात येऊन बसे. पोराला सुरतेच्या गिरणीत पाठवावे की हैदराबादच्या बांधकामावर, तेलंगणातली जमीन ठोक्याने, म्हणजे खंडाने, कसायला घ्यावी की नाही, असल्या प्रश्नांची उत्तरे तो बाजेवर बसून, तंबाखू मळत, फारसा विचार न करता देई. सत्तावीस वर्षे तो मालट्रक चालवत होता. जिनिंगमधून रुईच्या गाठी भरायच्या, उत्तरेकडच्या सूतगिरण्यांत नेऊन उतरवायच्या आणि येताना मिळेल तो माल घेऊन यायचे, एवढे त्याचे काम. तांडा त्याला ‘दिल्लीवाले’ म्हणे. या थट्टेत मान होता आणि नेमसिंगला तो आवडे.

या मानाला जुना आधार होता. तांड्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. त्या फिरतीला लदेणी म्हणत. पुढे गेलेला माणूस परत येऊन सांगे, की अमुक घाटात पाणी आहे, तमुक गावचा पाटील लुटारू आहे. त्याच्या सांगण्यावर शेकडो बैल आणि बायकापोरे मार्ग बदलत. म्हणून परतलेल्या माणसाचा शब्द कोणी उलटा तपासत नसे, आणि जाणाऱ्यानेही न पाहिलेले पाहिले म्हणून सांगू नये असा दंडक होता. बैल गेले, लदेणी गेली, तांडा एका जागी बसून कापूस आणि तूर पेरू लागला. परतलेल्याच्या शब्दावर विश्वास टाकण्याची रीत मात्र टिकली. त्या रीतीचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे सांगणाऱ्यावरचा दंडक, कधी गळून पडला ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

नेमसिंगने एवढ्या वर्षांत पाहिले तरी काय? समोरच्या काचेतून दिसणारा रस्ता, टोलनाके, गिरणीच्या फाटकाबाहेरची रांग आणि धाब्यावरच्या खाटा. गावे त्याच्या डाव्या-उजव्या हाताने निघून गेली. माणसांकडे पाहण्याची त्याची एकच पद्धत होती. तांड्याच्या बोलीत आपल्या माणसाला गोर म्हणतात आणि बाहेरच्याला कोर. धाब्यावर कोणी भेटला की हा गोर की कोर एवढे तो चाचपून पाही. गोर निघाला तर त्याला तो गळामिठी मारी, त्याच्या चहाचे पैसे देई. कोर निघाला तर त्या माणसाबद्दल त्याला आणखी काही जाणून घ्यावेसे वाटत नसे. लाखो किलोमीटर फिरूनही जगाची ही दोन खणांची मांडणी जशीच्या तशी राहिली, आणि या मनुष्याला तांडा जग पाहिलेला समजत होता.

टाळेबंदीनंतरच्या वर्षी नंदाबाईच्या थोरल्या मुलीची, शीलाची, सोयरीक निघाली. नंदाबाई ही नेमसिंगची थोरली चुलत बहीण. नवरा वारल्यावर शीला आणि राखी या दोन मुलींना घेऊन ती माहेरच्या तांड्यात येऊन राहिली होती. सोयरीक आणली ती राजकुमारने. राजकुमार हा तांड्याचा नायक उत्तमसिंग याचा पुतण्या. तो काही वर्षे नेमसिंगच्याच गाडीवर क्लीनर होता आणि आता हमरस्त्यावर टायरचे दुकान चालवत होता. हरियाणातले घर आहे, गोरच आहेत, गोत्र पवार, शेती आणि म्हशी आहेत, हुंडा नको, लग्नाचा खर्च तेच करतील, असे त्याने सांगितले. इतक्या दूर मुलगी द्यायची तर कोणीतरी घर पाहून यायला हवे. घर पाहायला मामाइतका योग्य माणूस कोण? नेमसिंगची गाडी त्या बाजूला जातच होती.

तो गेला. गिरणीबाहेर गाड्यांची रांग लागली होती, नंबर चुकेल म्हणून त्याला परतायची घाई होती. राजकुमारने त्याला मोटारसायकलवरून त्या गावी नेले. नेमसिंग त्या घराच्या फाटकात वीस मिनिटे उभा होता. त्याने लोखंडी फाटक पाहिले, ट्रॅक्टर पाहिला, सात म्हशी मोजल्या. पांढरा फेटा बांधलेला म्हातारा बाहेर आला आणि त्याने गोरबोलीत दोन वाक्ये उच्चारली. बसा, आणि घरी सगळे बरे आहेत ना. हजार कोसांवर आपली बोली ऐकून नेमसिंगच्या डोळ्यांत पाणी आले. गोत्र विचारल्यावर म्हातारा पवार एवढेच म्हणाला; पुढचे सगळे राजकुमार हिंदीत बोलला. मुलगा शेतावर गेला आहे असे कळले, फोटो दाखवण्यात आला, आणि नेमसिंग परत रांगेत येऊन उभा राहिला.

तांड्यात सेवालालच्या देवळापुढे पंच बसले तेव्हा त्याने सांगितले की घर आपण स्वतः पाहिले, उंबरठ्याच्या आत जाऊन पाहिले, मुलाशी बोललो. मुलगा न पाहताच हे सांगताना त्याला खोटे बोलतो आहोत असेही वाटले नाही. माणसे गोर होती, तेव्हा मुलगा असणारच आणि तो चांगलाच असणार. त्या बैठकीत शीलाच्या बापाचे चव्हाण आणि तिकडचे पवार या गोत्रांची, त्यांच्या पाड्यांची म्हणजे पोटशाखांची, पिढ्यांची छाननी दोन तास चालली. कुठे भाऊबंदकी तर निघत नाही ना, हे म्हाताऱ्यांनी बोटांवर मोजून तपासले. नवऱ्या मुलाचे वय कोणी विचारले नाही. घरात माणसे किती, बायका किती, हे विचारायला कोणाला सुचले नाही. शीला तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिला तर कोणीच काही विचारले नाही. पंधरा माणसांत तिकडेच लग्न लागले; राजकुमारच शीलाला घेऊन गेला, तांड्यातून दुसरे कोणी गेले नाही. महिन्याभराने राजकुमारच्या हाती नेमसिंगसाठी पाच किलो तुपाचा डबा आला आणि ते तूप त्याच्या घराने हिवाळाभर खाल्ले.

यानंतर तीन वर्षे गेली. शीलाचा फोन क्वचित येई, दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवरून. बरी आहे, मुलगा झाला, एवढेच ती सांगे. मग यंदा राजकुमारने राखीसाठी त्याच गावातले दुसरे घर आणले. नंदाबाईला हे बरेच वाटले, कारण दोघी बहिणी एका गावात राहणार होत्या. होळीच्या आधीच्या रविवारी गूळ वाटायचे ठरले. तांड्यात गूळ वाटला की सोयरीक पक्की, त्यानंतर ती मोडता येत नाही. आणि त्याच फेब्रुवारीत नेमसिंगला त्या जिल्ह्यातल्या गिरणीचा माल मिळाला. नंदाबाईने त्याच्याजवळ शेंगदाण्याचे लाडू आणि एक साडी दिली, आणि पोरीला डोळ्यांनी पाहून ये म्हणून सांगितले.

गाडी रिकामी होईपर्यंत दुपार झाली. या वेळी राजकुमार बरोबर नव्हता. नेमसिंग विचारत विचारत त्या घरी पोचला. फाटक तेच होते. अंगणात म्हशींच्या शेणाचा थर होता आणि त्या शेणात हात घालून एक बाई गोवऱ्या थापत होती. डोक्यावरचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला होता. ही कोणी मजूरबाई असावी असे समजून नेमसिंगने तिला हिंदीतून विचारले, की घरची सून शीला कुठे आहे. बाईने थापणे थांबवले. पदर वर केला. समोरचे दोन दात पडलेली, गालाची हाडे वर आलेली ती बाई शीलाच होती.

बाजेवर बसलेला म्हातारा ओळख पटताच उठला. पाहुणा, समधी, असे म्हणत त्याने नेमसिंगला बाजेवर बसवले आणि दुधाचा मोठा पितळी पेला मागवला. शीलाने हात धुऊन पेला आणून दिला आणि ती खांबापाशी उभी राहिली. म्हातारा जवळच हुक्का ओढत होता. मग ती बोलू लागली. ती गोरबोलीत बोलली, आणि आवाज जराही खाली न करता, सासऱ्याच्या तोंडासमोर बोलली. पहिल्या वाक्याला नेमसिंगने घाबरून म्हाताऱ्याकडे पाहिले. म्हातारा निवांतपणे हुक्का ओढत राहिला. त्याला एक अक्षर कळत नव्हते.

“भेवू नका मामा. या घरात आपली बोली कोनालेच येत नाई. मी इथं म्हशीसंगच बोलतो.”

मग तिने सांगितले. लग्नाच्या वेळी नवऱ्याचे वय पंचेचाळीस होते. त्याची पहिली बायको मेली होती. घरात त्याचे तीन अविवाहित भाऊ होते. गावात मुलीच उरलेल्या नाहीत. म्हणून एका बाईची किंमत देऊन घर चालवायचे, असा या गावातल्या कितीतरी घरांचा रिवाज झाला होता. हे सांगताना तिचा स्वर हिशोब सांगणाऱ्यासारखा कोरडा होता.

“मायं लगन एकाशी लागलं मामा. घरात माणसं चार हायत. पोरगं कोनाचं, हे मलेबी माहीत नाई अन् त्याइलेबी विचारायची गरज नाई.”

दूध नेमसिंगच्या हातात होते. ते त्याला खाली ठेवता येईना. ठेवले तर म्हातारा काय झाले म्हणून विचारेल, आणि विचारले तर काही उत्तर द्यावे लागेल, या भीतीने हा पन्नाशीचा मनुष्य, या मुलीचा मामा, एकेक घोट घेत तो पेला शेवटपर्यंत प्याला. त्याच्या आयुष्यातल्या सर्व नीच कृत्यांत हे सर्वांत लहान होते, परंतु पुढे त्याला सर्वांत जास्त किळस आली ती याचीच.

शीलाने आपल्याला घेऊन चला असे म्हटले नाही. उलट तिनेच विचारले, की पोराला कडेवर घेऊन मी परत आले तर तांड्यात मला कोण ठेवून घेईल? नेमसिंगला उत्तर माहीत होते आणि तेही त्याला दुधाबरोबर गिळावे लागले. तिचे मागणे दुसरेच होते. राखीसाठी ठरलेले घर तिने पाहिले होते. तिथे दोन भाऊ होते आणि त्यांतला एक मारकुटा होता.

“राखीले इथं येऊ देऊ नका. मायं जे झालं ते याडीले नाई सांगतलं तरी चालन. पन राखीले येऊ देऊ नका.”

याडी म्हणजे आई. हा शब्द उच्चारताना तिचा आवाज प्रथमच हलला.

समोरच्या घराच्या गच्चीवर एक सावळी बाई गहू वाळवत होती आणि हात थांबवून सारखी इकडे पाहत होती. शीलाने सांगितले की ती आसामची आहे. पलीकडच्या घरात ओडिशाची एक आहे. तिघींना एकमेकींची बोली येत नाही, पण कोणाला मार बसला की तिघींनाही भिंतीपलीकडून कळते. आसामच्या बाईकडे तीन वर्षांत माहेरचे कोणी आले नव्हते. शीलाकडे आलेला हा माणूस कसा दिसतो ते ती पाहत होती. नेमसिंगने तिच्याकडे पाहिले. अशा बाया त्याने रस्त्याच्या कडेला, शेतांत, धाब्यांच्या मागे भांडी घासताना यापूर्वी शेकडो वेळा पाहिल्या असतील. त्या कोर होत्या, म्हणून त्याने त्या पाहिल्याच नव्हत्या. शीलाच्या जागी दुसरी कोणी असती तर आजही तो तिला मजूरबाई समजून पत्ता विचारून पुढे गेला असता. हा विचार त्याच्या मनात स्पष्ट शब्दांत आला आणि त्याला आपल्याच अंगाचा वास सहन होईना.

निघताना लाडू आणि साडी शीलाच्या हाती देऊन त्याने धीर करून म्हाताऱ्याला विचारले, की आपले गोत्र पवारच ना. म्हातारा हसला. त्याच्या हसण्यात लबाडी नव्हती. जनावराच्या बाजारात दाताची चौकशी उशिरा करणाऱ्याला हसावे तसा तो हसला.

“गोत्र तो भाई जो तुम्हारे लड़के ने रटवाया था, वही बोल दिया. हमने पैसे गिनकर दिए, तुमने लड़की दी. अब तीन साल बाद गोत्र पूछने आए हो? दूसरीवाली होली के बाद आ रही है ना?”

या माणसाचा राग करावा असे नेमसिंगला तीव्रतेने वाटले आणि तो राग त्याला आणता येईना. म्हाताऱ्याने काहीच लपवले नव्हते. मुलगी विकत घेतली असे तो भर अंगणात बोलत होता. लपवालपवी झाली होती ती देवळापुढे, गोत्रांची छाननी करताना, आणि ती आपल्याच माणसांनी, आपल्याच तोंडाने केली होती.

  

घरी आल्यावर त्याने सगळे फक्त बायकोला, सुखीबाईला, सांगितले. नंदाबाईला त्याने शीला बरी आहे, अंगाने जरा उतरली आहे, असे सांगितले. रविवार येण्याआधी काहीतरी युक्ती काढू, म्हणजे आपले नाव न येता सोयरीक मोडेल, असा त्याचा बेत होता. एकदा त्याला वाटले की राखीची पत्रिका जुळत नाही असे कोणाकडून तरी म्हणवून घ्यावे. एकदा वाटले की राजकुमारलाच धमकावावे. सुखीबाई भाकरी थापता थापता हे बेत ऐकत राही. शेवटी तिने विचारले, की पंचांपुढे खरे सांगायला काय हरकत आहे. त्यावर तो म्हणाला, की मग घर पाहिले नव्हते हेही सांगावे लागेल.

“सांगा. तूप आपून खाल्लं, तेबी सांगा. मी त्या तुपाच्या पोळ्या केल्या तुमच्यासाठी. कायचं तूप हाय, मीबी इचारलं नाई.”

राजकुमारला बहुधा तिकडून फोन आला होता, कारण दोन दिवसांनी तो स्वतःच अंगणात आला. नवी मोटारसायकल, डोळ्यांवर काळा चष्मा. नेमसिंगची तब्येत विचारून झाल्यावर तो बाजेच्या कोपऱ्यावर बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, की तिथे शीलाला दोन वेळचे खायला मिळते, डोक्यावर छप्पर आहे. इथे विधवेच्या पोरीला काय मिळणार होते? कापूस वेचायला गेली असती, मुकादमाच्या नजरेला पडली असती. हे बोलणे संपूर्ण खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते इतके घाणेरडे होते. नेमसिंग तंबाखू मळत राहिला. तेव्हा राजकुमार उठता उठता खऱ्या मुद्द्यावर आला.

“काका, म्या तं फकत जोडून देल्लं. घर पाह्यलं म्हून शब्द तुमी देल्ला. तांड्यानं पोट्टी माया शब्दावर नाई देल्ली.”

हे मात्र संपूर्ण खरे होते.

रविवारी सकाळी देवळापुढे सतरंज्या पसरल्या गेल्या. नायक उत्तमसिंग मधोमध बसला. पुरुष पुढे, बायका मागे, आणि एका ताटात गुळाची ढेप फोडून ठेवलेली. राखी आईशेजारी बसली होती. नायकाने रीतीप्रमाणे गोत्राचे बोलणे सुरू केले. कोणीतरी म्हणाले, की आता कायले तपासता, थोरली त्याच गावात दिली आहे, आणि आपले दिल्लीवाले आताच पाहून आले आहेत. लोक हसले. नायकाने नेमसिंगकडे पाहून विचारले, की काय म्हणता, वाटायचा ना गूळ?

नेमसिंग उभा राहिला. सत्तावीस वर्षे लोकांना माहिती देणाऱ्या या माणसाला पहिले वाक्य सापडेना. मग त्याने स्वतःपासून सांगायला सुरुवात केली. तूप खाल्ले ते सांगितले. वीस मिनिटे फाटकात उभा होतो, उंबरठा ओलांडला नाही, मुलगा पाहिला नाही, हे सांगितले. शेण, दात, चार माणसे, हे सांगितले. म्हातारा पैसे मोजल्याचे बोलला ते सांगितले. आणि म्हाताऱ्याला आपली बोली कळत नाही, गोत्र आणि ती दोन वाक्ये राजकुमारने पाठ करवून घेतली होती, हेही सांगितले.

 नेमसिंगला वाटले, आता लोक राजकुमारच्या अंगावर धावतील, किंवा आपल्या. कोणी हलले नाही. पहिला आवाज आला तो म्हाताऱ्यांच्या रांगेतून.

“म्हंजे ते लोक गोर नाई?”

गोर नाहीत म्हणताच सभा एकदम जिवंत झाली. पोरगी कोरांच्या घरात गेली! ज्यांनी चार माणसांचे ऐकून तोंडातून ब्र काढला नव्हता ते तावातावाने बोलू लागले. तांड्याचे नाव बुडाले, आता आपल्या पोरी कोण करील, याचे प्रायश्चित्त काय, दंड किती, तो कोणी द्यायचा. कोणीतरी जुना दाखला काढला, की अमुक साली अशाच प्रकरणात मुलीच्या घराला बोकडाचा दंड बसला होता. त्यावर एकमत होऊ लागले. नंदाबाईने मुलगी कोरांना दिली, म्हणून दंड नंदाबाईने द्यावा. नेमसिंगने निम्मा द्यावा. राजकुमार लेकरू आहे, चुकला, असे नायक म्हणाला आणि त्यालाही दोनचार माना हलल्या. एका शहाण्याने सुचवले, की राखीसाठी खरे गोर असलेले घर शोधावे, राजकुमारच्या तिकडे पुष्कळ ओळखी आहेत.

नेमसिंग उभाच होता. ज्या गच्चीवरून ती आसामची बाई पाहत होती तिथून हा देखावा कसा दिसेल, असे त्याच्या मनात आले. इतक्या वर्षांत दुसऱ्याच्या जागेवरून आपल्या तांड्याकडे पाहण्याची ही त्याची पहिली वेळ होती. फेटे बांधलेली ही माणसे, त्यांच्या भुवया, त्यांचे हातवारे, आणि त्यांच्यात बसलेला, कालपर्यंत अगदी असाच बोलणारा तो स्वतः, हे सगळे त्याला तिथून दिसले.  तो मोठ्याने म्हणाला,

“एक सांगा नायक. ते गोर असते, तं चार माणसं चालली असती काय?”

 उत्तमसिंगने खाली पाहिले आणि सतरंजीवरची धूळ झटकली. मग तो म्हणाला, की आज सोयरीक होत नाही, पुढचे पुढे पाहू. बैठक मोडली. माणसे उठू लागली. गुळाचे ताट तसेच होते. आणलेला गूळ वाया कायले घालता, असे कोणीतरी म्हणाले, आणि माणसांनी एकेक खडा उचलून तोंडात टाकला. तो चघळत, यंदा तुरीला काय भाव मिळाला याबद्दल बोलत ती घराकडे गेली.

नंदाबाई राखीचा हात घट्ट धरून नेमसिंगसमोर आली. ती रडत नव्हती. तिने एकच विचारले.

“तुले कधी माहीत झालं?”

“बारा दिवस झाले.”

“बारा दिवस,” ती म्हणाली. “अन् मी बारा दिवस लोकाइले सांगत फिरली, मायी शीला बरी हाय म्हून.”

त्या आठवड्यात नंदाबाईने जे केले ते तांड्यात कोणी केले नव्हते. राखीला तिने सुखीबाईजवळ ठेवले. पंचांनी दंडाचा निरोप पाठवला तेव्हा तिने निरोप आणणाऱ्याला उंबरठ्याबाहेरूनच परत पाठवले. तांड्याच्या शाळेतल्या धर्मपाल गुरुजींकडून तक्रारअर्ज लिहून घेतला. त्यात राजकुमारचे नाव होते, आणि खाली साक्षीदार म्हणून सही करायला तिने नेमसिंगला बोलावले. त्याने सही केली. अर्ज पांढरकवड्याच्या ठाण्यात देऊन, पोच हातात मिळेपर्यंत ती बाकावरून उठली नाही. नेमसिंगकडे आता कोणी काही विचारायला येत नसे. बाज तशीच अंगणात पडून असे.

उत्तरेचा पुढचा माल मिळाला त्या दिवशी पहाटे नंदाबाई पिशवी घेऊन जिनिंगच्या फाटकाशी उभी होती. तांड्यातली बाई मालट्रकमध्ये बसून परराज्यात गेल्याचे कोणाला आठवत नव्हते. नेमसिंगने तिला समजावून पाहिले. तीन दिवस लागतील, गाडीत उष्मा फार, रस्त्यात बायकांची सोय नसते. तिथली माणसे कशी वागतील सांगता येत नाही, शिवाय शीला पोराला घेऊन यायला तयार होईल की नाही तेही ठाऊक नाही. नंदाबाईने हे सर्व ऐकून घेतले आणि पायदानावर पाय देऊन ती वर चढली.

हिंगणघाट मागे पडले. मग ती म्हणाली, की आता पहिल्यापासून सगळे सांग, काही गाळू नको. त्याने सांगितले. नागपूर आले, गेले, तो सांगतच होता. दुधाचा पेला त्याने पंचांपुढे गाळला होता, तोही इथे सांगितला. ती समोरच्या रस्त्याकडे पाहत ऐकत होती. एकदाही तिने त्याच्याकडे मान वळवली नाही. त्याने पुढे केलेली पाण्याची बाटली तिने घेतली नाही, पिशवीतून स्वतःची काढून प्यायली.

सांगून संपल्यावर नेमसिंग म्हणाला, की तिथे गेल्यावर म्हाताऱ्याशी काय बोलायचे ते मी मनाशी ठरवले आहे.

नंदाबाईने बाटलीचे झाकण लावले.

“तू नको बोलू. तुया बोलण्यावर मी पोरगी देल्ली. तिथं मी बोलीन. तू फकत गाडी चालव.”

त्याने मान हलवली आणि गाडी चालवत राहिला.